मजूर म्हणजे मजूरच

गेल्या ऑक्टोबरात उल्हासरावांना स्ट्रोक झाला, आणि तेव्हापासून शुभाताई नवऱ्याचं बोलणं उलटं ऐकायला शिकल्या. ‘गार चहा दे’ म्हणाले की गरम द्यायचा. ‘उद्या हिमानीचा फोन आला होता’ म्हणाले की काल समजायचं. मीठ म्हणजे साखर, खाली म्हणजे वर, आणि ‘दार उघड’ म्हणजे बंद कर बाई, वारा येतोय. हॉस्पिटलातल्या थेरपिस्ट मुलीने समजावून सांगितलं होतं, की विचार शाबूत आहे, शब्दही सगळे जागेवर आहेत. फक्त जोडीतले शब्द एकाच खणात ठेवलेले असतात आणि हात चुकून शेजारच्यावर पडतो. मुलगी गोड होती. पण विम्याने मंजूर केलेल्या बैठका फेब्रुवारीत संपल्या, तशी ती मुलगीही यायची थांबली, आणि तो खण आवरायचं काम पंचाहत्तर वर्षांच्या शुभाताईंच्या गळ्यात पडलं.

हे सांगायला सोपं आहे, एक दिवस करून बघावं. सकाळी उठल्यापासून समोरच्याच्या प्रत्येक वाक्याला मनातल्या मनात कोलांटी द्यायची, मग उत्तर द्यायचं, आणि चेहरा असा ठेवायचा की आपण काही केलंच नाही. कारण दुरुस्ती दिसली की उल्हासराव मिटायचे. सत्तावीस वर्षं कम्युनिटी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवून दुसऱ्यांच्या चुका काढलेला माणूस तो. मुलगी हिमानी अमेरिकेच्या दुसऱ्या टोकावरच्या चँडलरहून रविवारी व्हिडिओ कॉल करायची आणि दर वाक्याला ‘बाबा, यू मीन यस्टरडे’ असं म्हणायची. तिचाही जीव तुटायचा म्हणूनच म्हणायची. पण कॉल संपला की उल्हासराव खिडकीकडे तोंड करून बसायचे. कॅरी गावातल्या त्यांच्या टाउनहाउसच्या खिडकीतून दिसणार काय, तर पार्किंग. एप्रिल असल्यामुळे सगळ्या गाड्यांवर पाइनच्या परागांची पिवळी पूड बसली होती आणि ती पुसायचं त्राण शुभाताईंच्यात नव्हतं.

त्यात ती नोंद.

पुण्यात एका मंडळाने ‘राज्यविचार कोश’ काढायला घेतला होता. त्यातल्या ‘म’च्या खंडासाठी दोन वर्षांपूर्वी उल्हासरावांना पत्र आलं: ‘मुक्त बाजार : महायुद्धोत्तर ब्रिटिश हुजूर विचार’, शब्दमर्यादा बाराशे. पत्र आलं त्या दिवशी उल्हासरावांनी नवा शर्ट घातला होता, घरातल्या घरात. मग टिपणं काढण्यात दीड वर्ष गेलं, मग स्ट्रोक झाला, आणि लिहिणारा उजवा हात मांडीवर पडून राहिला. शुभाताईंनी मंडळाला ‘जमणार नाही’ असं कळवायचं ठरवलं होतं. मेल लिहूनही झाली होती. उल्हासरावांनी डाव्या हाताने टॅब्लेट ओढून घेतला आणि म्हणाले, “नाही.” मग म्हणाले, “हो.” आणि रडले. तेव्हा शुभाताईंनी ती मेल पुसली आणि रोज सकाळी न्याहारीनंतर एक तास त्यांनी बोलायचं, यांनी एका बोटाने टाइप करायचं, असं सुरू झालं.

कोशाचा संपादक निहार नावाचा तिशीतला मुलगा. हुशार, नम्र आणि भयंकर घाईत. त्याने पहिल्याच फोनवर विचारलं होतं, “काकू, हा हुजूर पक्ष काय आहे? कुठल्या संस्थानातला?” शुभाताईंना हसू आलं. त्यांच्या लहानपणी मराठी वर्तमानपत्रांत इंग्लंडच्या बातम्या यायच्या त्या या दोनच नावांनी. श्रीमंतांचा, जमीनदारांचा, जुनं जपणाऱ्यांचा कॉन्झर्व्हेटिव्ह तो हुजूर पक्ष, आणि कामगारांचा लेबर तो मजूर पक्ष. कुणा पत्रकाराला हे यमक सुचलं कोण जाणे, पण इंग्लंड न पाहिलेल्या माणसालाही त्यातून अख्खं इंग्लंड कळायचं. निहारने नियमपुस्तिका काढली, त्यात ‘कॉन्झर्व्हेटिव्ह’ लिहायचं ठरलं होतं. उल्हासराव ऐकेनात. शेवटी निहारने हात टेकले.

आता यात गंमत कुठे आणि संकट कुठे, ते लक्षात आलंच असेल. हुजूर आणि मजूर. एकाच खणातले दोन शब्द, एका अक्षराचा फरक. उल्हासरावांचा हात दर दुसऱ्या वेळी चुकीच्या शब्दावर पडायचा.

इंग्लंडात लीड्सला असताना ही त्यांच्या घरातली थट्टा होती. पंचाहत्तर साली नवं लग्न करून दोघं तिथे गेले. उल्हासरावांना प्रबंध लिहायचा होता, हुजूर पक्षात मुक्त बाजाराचा विचार कसा शिरला यावर. शुभाताई कोट शिवणाऱ्या कारखान्यात बटणं लावायच्या आणि युनियनचं कार्ड पर्समध्ये ठेवायच्या. संध्याकाळी घरी येऊन नवऱ्याची पानं टाइप करायच्या, एका जुन्या टाइपरायटरवर, ज्याचा एल कधी उठायचाच नाही. उल्हासराव हाक मारायचे, “काय म्हणतोय आमचा मजूर पक्ष?” आणि त्या चहाचा कप आपटून म्हणायच्या, “घ्या, हुजूर.” थंडी कडाक्याची होती, खोली एकच होती, आणि चिडायचं नाही तर हसायचं, दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

प्रबंध काही पुरा झाला नाही. मार्गदर्शकाने एक वाक्य काढून टाकायला सांगितलं, उल्हासरावांनी काढलं नाही, बोलाचाली झाली, शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि दोघं अमेरिकेत आले. एका वाक्यापायी डॉक्टरेट घालवणारा नवरा आपल्याला मिळाला, एवढं शुभाताईंना माहीत होतं. कुठलं वाक्य ते त्यांनी कधी विचारलं नाही. तो विषय निघाला की जेवणं गार व्हायची.

तर नोंद. उल्हासराव बोलायचे ते अडखळत, पण अडखळतानाही काय बोलत होते! महायुद्धानंतर तीस वर्षं इंग्लंडात कोळसा सरकारचा, रेल्वे सरकारची, दवाखाने सरकारचे. हे मजूर पक्षाने केलं आणि हुजूर पक्ष निवडून आला तरी त्याने बहुतेक तसंच चालू ठेवलं. त्याच काळात पक्षाच्या कडेला बसलेली थोडी माणसं पुस्तिका काढून सांगत होती, की भाव हा निरोप असतो, कुठे काय हवंय ते भाव सांगतो, कचेरीत बसलेल्या साहेबाला ते कळणार नाही. पण जुन्या हुजुरांना हे पचेना. त्यांना गाव, चर्च, घराणी आणि रविवारची सुट्टी जपायची होती, आणि बाजाराला रविवार कळत नाही. ‘मुक्त बाजार हा हुजूर पक्षाच्या घरातला पाहुणा होता,’ उल्हासरावांनी सांगितलं, म्हणजे तोंडाने म्हणाले ‘मजूर पक्षाच्या घरातला’, आणि शुभाताईंनी हुजूर लिहिलं. अर्थ बघायचा आणि ठरवायचं. बाजार म्हटला की हुजूर, सरकार म्हटलं की मजूर. अकरा वेळा त्यांनी असा शब्द फिरवला आणि अकराही वेळा वाचून दाखवल्यावर उल्हासरावांनी मान डोलावली.

बाराव्या वेळी गाडी अडली.

शेवटून दुसरा परिच्छेद होता. उल्हासराव म्हणाले, “पाहुणा आत आला. दार... कडी. कडी काढली. आधी. मजूर.” शुभाताईंनी टाइप केलं: ‘या पाहुण्यासाठी दाराची कडी आधी हुजूर पक्षानेच काढली.’ आणि वाचून दाखवलं.

“नाही,” उल्हासराव म्हणाले. “मजूर.”

“हो, तेच. हुजूर लिहिलंय.”

“मजूर!” त्यांनी डावा हात टेबलावर आपटला. “हो! नाही! मजूर!”

आता हो आणि नाहीदेखील एकाच खणातले. शुभाताईंना रात्रभर झोप नव्हती, कुकरची तिसरी शिट्टी झाली होती आणि साडेदहाला रक्त तपासायला न्यायचं होतं. मुक्त बाजारासाठी कामगारांचा पक्ष कशाला कडी काढायला जाईल? “अहो, कळलं मला,” त्या म्हणाल्या. “बरोबर लिहिलंय मी.” आणि त्याच दुपारी नोंद पुण्याला पाठवून दिली. पाठवल्यावर त्यांना इतकं हलकं वाटलं की त्या सोफ्यावर बसल्या बसल्या झोपल्या.

त्यानंतर दोन दिवस उल्हासराव एक शब्द बोलले नाहीत. फक्त डाव्या हाताच्या बोटाने टेबलावर एक उभी रेघ आणि तिच्या पायाशी एक आडवी रेघ काढत राहिले. एल. पुन्हा पुन्हा एल. थेरपिस्टने त्यांच्या सपातांवर एल आणि आर अशी स्टिकरं लावून दिली होती, म्हणून शुभाताईंनी सपाता बघितल्या. त्या बरोबर होत्या. मग पाण्याचा पेला डावीकडे ठेवला. उशी डावीकडे सरकवली. तरी एल. मग त्यांना शंका आली, की डाव्या बाजूलाही काही होतंय की काय, आणि त्यांनी नर्सच्या हेल्पलाइनला फोन लावून चाळीस मिनिटं होल्डवरचं संगीत ऐकलं. नर्सने विचारलं तसं हसायला लावून, हात वर करायला लावून पाहिलं. सगळं ठीक होतं. उल्हासराव हात खाली घेऊन पुन्हा एल काढायला लागले तेव्हा मात्र शुभाताईंचा तोल गेला. “काय हवंय तुम्हाला?” त्या ओरडल्या. “माणसाने किती ओळखायचं?” आणि मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसल्या.

गुरुवारी सकाळी मेल बघितली तर निहारने मुद्रित पाठवलं होतं. ‘काकू, आज संध्याकाळी सातला पान लॉक होतंय. काही असेल तर त्याआधी, प्लीज.’ पुण्याचे सात म्हणजे इथले साडेनऊ. आठ वाजून गेले होते. शुभाताईंनी पान छापून घेतलं, उल्हासरावांसमोर ठेवलं आणि बदल सुचवायचा नाही असं मनाशी घोकत उभ्या राहिल्या. नोंदीखाली नाव छापलेलं होतं. निदान ते बघून तरी माणूस खूश होईल, असं त्यांना वाटलं.

उल्हासरावांनी नावाकडे पाहिलंसुद्धा नाही. बोट ओळीओळीने खाली नेलं, एका ‘हुजूर’वर थांबवलं, आणि पेन मागून त्या शब्दावर वेडावाकडा एल काढला. मग शुभाताईंकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता. दमलेला माणूस शेवटचं एकदा सांगून बघतो आणि मग सोडून देतो, तशी नजर होती ती.

आणि शुभाताईंच्या बोटांना आठवलं. डोक्याच्या आधी बोटांना. तो न उठणारा एल. टाइप करताना जिथे जिथे एल यायचा तिथे त्या जागा मोकळी सोडायच्या आणि मग रात्री शाईच्या पेनाने एकेक एल भरायच्या. तीनशे पानांत किती एल येतात ते भरणाऱ्यालाच कळतं.

वरच्या कपाटात तळाशी, हिमानीच्या शाळेच्या ट्रॉफ्यांखाली, तो प्रबंध होता. मार्गदर्शकाने परत दिलेली प्रत. खुर्चीवर चढायचं वय नव्हतं, तरी त्या चढल्या. पानं पिवळी पडली होती आणि त्यांच्या अक्षरातले निळे एल तसेच उभे होते. लाल रेघ सापडली शेवटून दुसऱ्या प्रकरणात. वाक्य इंग्रजीत होतं: युद्धोत्तर इंग्लंडात बाजारासाठी दार आधी उघडलं ते लेबर पक्षाने. त्यातला लेबरचा एल भरायचा राहून गेला होता. मार्गदर्शकाने त्या रिकाम्या जागेभोवती लाल गोल काढला होता आणि समासात लिहिलं होतं, की हे वाक्य काढून टाकावं.

मजूर. उल्हासराव मजूरच म्हणाले होते. अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी एकाने खोडलं, आणि आता त्यांचं बोलणं जिला सगळ्यात जास्त कळतं तिने खोडलं. नुसतं खोडलं नाही, वर ‘बरोबर लिहिलंय मी’ म्हटलं. शुभाताईंना स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. त्या तशाच, हाताला धूळ लागलेल्या, खाली आल्या आणि फोन लावला. नऊ वाजून पाच मिनिटं.

“निहार, शेवटून दुसऱ्या परिच्छेदात हुजूर आहे तिथे मजूर कर.”

“काकू?” पलीकडे कीबोर्डचा आवाज थांबला. “मुक्त बाजारासाठी मजूर पक्षाने कडी काढली? काकू, अहो, मंडळावरचे लोक हसतील मला. सरांनी असं म्हटलंय?”

“हो.”

“सर आहेत का जवळ? स्पीकरवर घेता? सरांनी एकदा म्हटलं की रेकॉर्ड करून ठेवतो, माझं काम झालं.”

शुभाताईंनी स्पीकर लावून फोन टेबलावर ठेवला. उल्हासराव सरळ बसले. जमेल तेवढे सरळ.

“नमस्कार सर. एकच विचारायचंय. कडी कोणी काढली? हुजूर की मजूर?”

उल्हासरावांनी श्वास घेतला. ओठ जुळवले. ‘म’ला जुळवतात तसेच जुळवले, शुभाताईंनी स्वतः पाहिलं. कपाळावरची शीर फुगली. आणि शब्द बाहेर आला तो खणातला दुसरा.

“हुजूर.”

त्यांना स्वतःलाही ऐकू आलं. त्यांनी डोळे मिटून घेतले.

“बघा ना काकू,” निहार म्हणाला, अगदी हळू, कारण मुलगा चांगला होता. “सरच म्हणतायत. राहू देऊ तसंच?”

दमलेल्या माणसाला ‘राहू दे’ म्हणणं किती सोपं असतं! नोंद छापून येणार होतीच. नाव खाली होतंच. बाराशे शब्दांतला एक शब्द, तो वाचून चूक काढणारं महाराष्ट्रात कोण बसलंय? गेले सहा महिने शुभाताई अशाच एकेका गोष्टीला राहू दे म्हणत दिवस ढकलत होत्या.

“त्यांनी हुजूर म्हटलं,” त्या म्हणाल्या. “म्हणजे मजूर.”

“काकू, पण...”

“ऐक. निवडणूक जिंकून हुजूर पक्षाच्या बाई आल्या एकोणऐंशीत. बरोबर? त्याच्या तीन वर्षं आधी, शहात्तरच्या सप्टेंबरात, ब्लॅकपूलला मजूर पक्षाचं अधिवेशन भरलं होतं. तिथे त्यांच्याच पंतप्रधानाने उभं राहून सांगितलं, की सरकारने खर्च वाढवून मंदीतून बाहेर पडायचे दिवस संपले. स्वतःच्या लोकांसमोर. आमच्या कारखान्यात दुसऱ्या दिवशी कुणी जेवलं नाही नीट. मी होते तिथे, बटणं लावत होते. हुजूर पक्ष अजून आपसात भांडत होता, पाहुण्याला घरात घ्यायचं की नाही म्हणून. कडी आधी यांनी काढली. सरांनी हे अठ्ठ्याहत्तर साली लिहिलं तेव्हा त्यांना खोडायला सांगितलं. त्यांनी खोडलं नाही. म्हणून त्यांच्या नावामागे डॉक्टर नाही. तुला पान नंबर देऊ? दोनशे एक्केचाळीस. मीच टाइप केलंय.”

पलीकडे खूप वेळ कीबोर्ड. तो बहुतेक शोधत असावा. भिंतीवरच्या घड्याळात नऊ वाजून एकोणीस मिनिटं झाली होती.

“हो काकू,” निहार म्हणाला. “आहे असं भाषण. शहात्तर. अठ्ठावीस सप्टेंबर.” मग म्हणाला, “करतो मी मजूर. पण काकू, मंडळाने विचारलं तर? सरांचं रेकॉर्डिंग तर हुजूर असं आहे.”

“माझं नाव सांग.”

“तुमचं?”

“आधी हुजूर मी केलं होतं. चूक माझी. त्यांची नव्हती. हेही लिही हवं तर.”

फोन ठेवला. शुभाताई खुर्चीवर बसल्या त्या बसल्याच. उल्हासराव डोळे मिटूनच होते. त्यांनी सगळं ऐकलं की मध्येच झोपले, काही कळेना. बाहेर कुणीतरी ब्लोअर लावून गाडीवरची पिवळी पूड उडवत होतं.

“मला कळायला हवं होतं,” शुभाताई म्हणाल्या. “दोन दिवस तुम्ही एल एल करत होतात आणि मी सपाता बघत होते.”

उल्हासरावांनी डोळे उघडले. त्यांच्यासमोर सकाळचा चहा होता, न घेतलेला, साय धरलेला. डाव्या हाताने त्यांनी कप उचलला. बशीत थोडा सांडला, प्रबंधाच्या पानावरही एक थेंब पडला. शुभाताई धरायला पुढे झाल्या तर त्यांनी मान हलवली. मग तो कप टेबलावरून हळूहळू, इंच इंच, पलीकडे शुभाताईंसमोर सरकवला.

“घ्या,” ते म्हणाले. “हुजूर.”

शुभाताईंनी त्यांच्याकडे पाहिलं. लग्नाला एक्कावन्न वर्षं झाली, पण ‘घ्या’ म्हणून त्यांनी कधी काही दिलं नव्हतं. शब्द खणातून चुकून आला होता की नीट बघून काढला होता, ते विचारता आलं असतं. उत्तर हो आलं असतं किंवा नाही.

त्यांनी काही विचारलं नाही आणि काही दुरुस्तही केलं नाही. कप उचलला आणि तो गार, साय धरलेला चहा पिऊन टाकला.